सहावं घर

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. पाया पडले असं समज. पत्रात वाकायला कंबर लागत नाही, हा एक फायदा. फोनवर मी भांडते म्हणून पत्रच लिहीत जा, असा तुझा हुकूम आहे, तो पाळतेय. भांडण पत्रातूनही करता येतं हे तुझ्या अजून लक्षात आलेलं दिसत नाही.

इकडे सगळे ठीक. तुझे मेहुणे निवृत्त झाल्यापासून घरातला प्रत्येक नळ रोज तपासतात. न गळणारा नळसुद्धा यांच्या तपासणीनंतर गळायला लागतो. तुझ्या भाचीला नोकरी लागली, त्यामुळे आता ती मला धंद्यातलं शहाणपण शिकवते. मुकादम तुझी आठवण काढतो. परवा नव्या सुतारानं चौकट तिरकी बसवली, तर त्याच्या तोंडावर म्हणाला, "थोरले असते तर ही चौकट आपणहून सरळ उभी राहिली असती." सुतार रुसून बसला. त्याची समजूत घालण्यात माझा अख्खा दिवस गेला. तू असतास तर यातलं काही झालंच नसतं, पण ते जाऊ दे. गुडघे कसे आहेत?

आता कामाचं. दादा, मला एक इमारत सापडलीय. चार मजली, कोपऱ्यावरची, दोन्ही अंगांना रस्ता. खाली शिवणयंत्रांचं बंद पडलेलं दुकान, वर आठ बिऱ्हाडांची जागा. सगळी रिकामी, कुणाची कटकट नाही. भिंती अशा की खिळा ठोकायला जावं तर खिळाच वाकतो. जिन्याचा कठडा सागवानी आहे, त्यावर कुण्या गाढवानं हिरवा ऑइलपेंट फासलाय. तो बघून तुझा जीव हळहळेल. मालक म्हातारा आहे, मुलाकडे निघालाय, त्याला घाई आहे. इतकी वर्षं आपण एकेक सुटं घर घेतलं, कंबर मोडेपर्यंत राबलो, विकलं, पुन्हा पहिल्या पायरीवर. ही एक इमारत झाली की रोज सकाळी उठून पुढचं काम कुठून आणायचं हा हिशेब करावा लागणार नाही.

पैशाचं म्हणशील, तर तेच सांगायला हे पत्र. आजवर कुठल्याही कर्जवाल्याकडे गेलं की किमतीचा चौथा हिस्सा आधी आपण घालायचा, दुरुस्तीचा खर्चही आपलाच. आठवतंय ना, दुसऱ्या घराच्या वेळी माझ्या बांगड्या गेल्या आणि तुझी मोटरसायकल? आता एक कंपनी सापडलीय, ती सगळंच देते. खरेदीची पूर्ण रक्कम, वर दुरुस्तीची पूर्ण रक्कम, काम पुढे सरकेल तशी टप्प्याटप्प्यानं. आपल्या खिशातून एक पैसा नाही. मी तिथल्या बाईंना तीनदा विचारलं, "म्हणजे शंभर टक्के?" तिसऱ्यांदा त्या हसल्या. म्हणाल्या, "हे नवशिक्यांसाठी नाही. ज्यांचे हात या कामात मुरलेत त्यांच्यासाठीच आहे."

मुरलेपण मोजायची त्यांची रीत अशी: गेल्या आठ वर्षांत घेतलेली, दुरुस्त केलेली आणि विकलेली सहा घरं.

मी म्हणाले, आमची सहा आहेत.

यापुढे काय लिहायचं म्हणून मी उठून ओटा पुसून आले. ओटा स्वच्छच होता. दादा, आपण घेतलेली सहा, दुरुस्त केलेली सहा, पण विकलेली पाच. सहाव्यात तू राहतोस.

वहिनी गेल्या त्या वर्षी तू तिथे कुलूप लावायला गेलास आणि राहिलास. मी एका शब्दानं विचारलं नाही. घर आपल्या दोघांच्या नावावर, पण मी कधी भाडं मागितलं नाही, विकूया म्हटलं नाही. आज म्हणतेय. इमारतीच्या मालकाला मी विसार दिलाय. तुला विचारायच्या आधीच दिला, हेही आत्ताच सांगून टाकते. या महिन्याअखेर कर्ज मंजूर झालं नाही तर विसार बुडाला. काम नाही म्हटल्यावर मुकादमाची माणसंही दुसरीकडे जातील.

तू आमच्याकडे राहायला ये. मागची खोली रिकामी आहे, ऊन चांगलं येतं, नळ तपासायला माणूस आहे. लगेच नाही म्हणू नकोस. पण विचार करायला फार वेळही लावू नकोस.

तुझी,
हातोडी


१३ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर मिळालं. तीन ओळी. "विकून टाक. मला एक पेटी आणि एक पिशवी पुरेल. तुझ्याकडे येणार नाही, माझी सोय मी बघतो." खाली सही.

हे काय उत्तर झालं? मी चार रात्री झोपले नाही. तू काय काय म्हणशील आणि मी त्यावर काय काय म्हणेन, सगळं पाठ करून ठेवलं होतं. तू ओरडशील, वहिनींचं नाव काढशील, मी रडेन, मग तू विरघळशील. तू तर सरळ पाटीच पुसून दिलीस. आणि अक्षर केवढं सुबक! शाळेत मास्तर तुझ्या वहीकडे बघून कपाळाला हात लावायचे. उतारवयात अक्षर सुधारलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहतेय.

सोय बघतो म्हणजे कुठे? नीट लिही.

इकडे कंपनीच्या बाई रोज फोन करतात. गोड बोलतात, पण सोडत नाहीत. पाच घरांची खरेदीखतं त्यांच्या टेबलावर आहेत, सहाव्याचं कुठे? मी सांगून बसलेय की सहावं विकल्यातच जमा आहे, फक्त कागद व्हायचेत. दादा, तोंडातून निघून गेलं. त्या मान हलवत होत्या, शाबासकी दिल्यासारख्या, आणि मी बोलत गेले. आता ते खरं करून दाखवायला हवं. हे ऐकल्यापासून गेले चार दिवस तुझे मेहुणे माझ्याशी फक्त मिठाबद्दल बोलतात. मीठ जास्त, मीठ कमी.

गिऱ्हाईक मिळालंय. नवरा, बायको आणि तिची आई. येत्या रविवारी अकराला बघायला येतील. मी तासभर आधी येईन. माझी रीत तुला ठाऊक आहे. घर दाखवायच्या आधी सामान हलवायचं, मध्ये मोकळी जागा काढायची, खिडकीशी एक खुर्ची ठेवायची, खाली गालिचा टाकायचा. आपली पाचही घरं त्या गालिच्यावर विकली गेलीत. तू नुसता दाढी करून बस आणि गोड बोल. तुझे औषधाचे डबे कपाटात घाल. आजारी माणसाचं घर म्हटलं की लोक किंमत पाडतात.

आणि घर आतून आहे तरी कसं? मी आले की तू मला फाटकातच गाठतोस, कोपऱ्यावरच्या दुकानात चहा पाजतोस आणि वाटेला लावतोस. वर्ष झालं असेल मला उंबरठा ओलांडून.

खरं सांगू? मला तुझा राग येतोय. विकून टाक म्हणालास त्याचा नाही. तीन वर्षं गुडघे कुरवाळत बसलास आणि सगळं माझ्यावर टाकलंस त्याचा. एकदा साइटवर पाऊल टाकलं नाहीस. मी एकटी बाई गवंड्यांशी, प्लंबरशी, कर्जवाल्यांशी डोकं फोडत हिंडते, आणि तू तिथे आरामात खुर्च्या घासत बसतोस. मग मी म्हटलं घर विक, तर त्यावरही तुला भांडावंसं वाटत नाही? इतकी का मी परकी झाले?

रविवारी येतेय.

हातोडी


२ मार्च

दादा,

त्या रविवारी काय झालं ते तुला माहीत आहे. तू तिथेच होतास. पण माझ्या बाजूनं काय झालं ते तुला माहीत नाही. मी तुझ्याशी एक शब्दही न बोलता निघून आले, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

मी सांगितल्याप्रमाणे आधीच आले. माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. तू न्हाणीघरात होतास, पाण्याचा आवाज येत होता. म्हटलं बरं झालं, हा मध्येमध्ये करायच्या आत आवरून घेऊ. घर बघून मी चाट पडले. इतकं नीटनेटकं! सगळ्या भिंतींना कोपराच्या उंचीवर लाकडी पट्टी, लोण्यासारखी घासलेली, बैठकीतून स्वयंपाकघरात, तिथून न्हाणीकडे, कुठेही न तुटता. खणांच्या मुठी सगळ्या वेगळ्या, एक गोल, एक चौकोनी, एकीला नुसतीच खाच. मी मनात म्हटलं, घ्या, फावल्या वेळचे उद्योग. गिऱ्हाइकाला सांगू, पट्टी काढून भिंत रंगवून देतो.

माझं तोंड उघडं राहिलं होतं, पण डोळे उघडले नव्हते, दादा. वीस वर्षं घरं बघतेय. ओल कुठे आहे हे मी दारातून सांगते. आणि तिथे उभी राहून मला काही म्हणजे काही कळलं नाही.

मी टेबल फिरवलं. खुर्ची खिडकीशी नेली. स्टूल दाराआड सारलं. गाडीतून गालिचा आणून मधोमध टाकला.

तू बाहेर आलास. खांद्यावर टॉवेल, पावलं झपझप. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की अरे, याचे गुडघे तर ठणठणीत आहेत! लबाड! मी ओरडणारच होते. तेवढ्यात तू सरळ टेबलावर जाऊन आदळलास. थांबला नाहीस, हात पुढे केला नाहीस, जणू तिथे टेबल असू शकतच नाही. मग बाजूला झालास तो गालिच्यात पाय अडकून पडलास. कपाळ खुर्चीच्या कडेला लागलं. आणि मग तू उकिडवा बसलास, लहान मुलासारखा सहज, आणि तळहातानं जमीन चाचपायला लागलास, गालिच्याची कड सापडेपर्यंत.

मी तुझ्यासमोर उभी होते. हात लांब केला असता तर तुझ्या डोक्याला लागला असता. तू मान वर केलीस, माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघितलंस आणि म्हणालास, "हातोडी, आलीस का?"

मी ओ दिली नाही. तू पुन्हा विचारलंस, जरा घाबरून, आणि मी तशीच खांबासारखी उभी. याची मला आयुष्यभर लाज वाटेल.

तेवढ्यात घंटा वाजली. तू उठलास, पट्टी धरलीस आणि दार उघडून म्हणालास, "या, या. घर शांत आहे, बघा." कपाळावरून रक्त ओघळत होतं आणि तू माझं सांगणं पाळत होतास. गोड बोलत होतास! त्यांना खोल्या दाखवल्यास. ती म्हातारी आई पट्टी धरून सगळीकडे फिरली आणि मुलीला म्हणाली, "मला हेच घर हवं." जावयानं तिथल्या तिथे माझ्या मनातली किंमत कबूल केली. मी "उद्या कळवते" म्हणाले आणि पळाले.

फाटकात तुझ्या शेजारच्या ताईंनी मला अडवलं. हातात कापूस आणि मलमाची डबी होती. मी त्यांना ओळखत नव्हते, त्या मला चांगल्याच ओळखत होत्या. त्यांनीच सांगितलं. काचबिंदू. वहिनी होत्या तेव्हाच कळलं होतं. कडेकडेनं दिसणं आत येत गेलं, आता मधलं पैशाएवढं उरलंय, तेही धूसर. गेलेलं परत येत नाही असं डॉक्टर म्हणालेत. थेंब त्याच घालतात. माझी पत्रं त्याच वाचून दाखवतात, तुझी उत्तरं त्याच लिहितात. म्हणूनच ते अक्षर. साइटवर का येत नव्हतास तेही कळलं. आंधळ्या सुताराला कुणी काम देणार नाही, आणि बहिणीनं दया करून दिलेलं काम तुला नको होतं. मला सांगू नका अशी शपथ तू त्यांना घातली होतीस. ती त्यांनी मोडली, त्यांच्यावर रागावू नकोस.

आणखी एक गोष्ट त्यांनी कबूल केली. माझ्या दुसऱ्या पत्रातली शेवटची रागाची वाक्यं त्यांनी तुला वाचून दाखवलीच नाहीत. गुडघे कुरवाळत बसलास वगैरे. म्हणाल्या, "माझ्याच्यानं वाचवेना. मी थेट 'रविवारी येतेय'वर गेले." आता मी ती तुला सांगूनच टाकली. लिहिली होती हे खरं आहे, ते लपवून काय होणार?

आता सगळ्यात वाईट. हे सगळं ऐकून मी गाडीत बसले आणि रडले नाही. हिशेब केला. आमच्या मागच्या खोलीत अशी पट्टी बसवायला किती दिवस लागतील, असा. ती म्हातारी किती खूश झाली होती, असा. सही झाली की इमारत माझी, असा. दादा, ते सगळं कळल्यावरसुद्धा मी घर विकत होते. किती वेळ ते मला सांगवत नाही. मग ताईंचं एक वाक्य आठवलं. तू एका वृद्धाश्रमात चौकशी करून ठेवली आहेस, तिथे खोलीत चौघं असतात, आणि तू त्यांना एवढंच विचारलंस की पलंगाची जागा बदलतात का. ते म्हणाले, अधूनमधून बदलतो.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीत गेले. त्या बाईंसमोर बसले आणि म्हटलं, "माझी पाच घरं आहेत. सहावं मी खोटं सांगितलं. त्यात माझा भाऊ राहतो." त्यांनी चष्मा काढला. रागावल्या नाहीत, पण पहिल्यासारख्या हसल्याही नाहीत. म्हणाल्या, "मग पूर्ण कर्ज बसत नाही. चौथा हिस्सा तुम्ही घाला, उरलेलं बघू." चौथा हिस्सा माझ्याकडे असता तर मी त्यांच्याकडे कशाला गेले असते? त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली. काचेच्या दारापर्यंत पोचवायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आणखी एक घर करून या."

इमारत गेली. विसार बुडाला. म्हातारा मालक म्हणाला, "बाई, मलाही वाईट वाटतं," आणि विसार खिशात घातला. मुकादमाची निम्मी माणसं दुसऱ्या कंत्राटदाराकडे गेली, तो स्वतः राहिलाय. गावाबाहेर दोन खोल्यांचं एक पडकं घर बघून ठेवलंय, ते करू. तुझे मेहुणे सगळं ऐकून "बरं केलंस" म्हणाले आणि मीठ मागितलं. मला वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? रोज त्या कोपऱ्यावरून जाताना मान फिरवून घेते. दुसऱ्या कुणीतरी तिथे बांबू बांधलेत.

वकिलांकडे जाऊन मी कागद केलाय. त्या घरातला माझा अर्धा हक्क मी सोडला. हक्कसोडपत्र म्हणतात त्याला. तुझी सही हवी, मी घेऊन येते. उपकार म्हणून करत नाहीये. मी मला ओळखते. अशी एखादी इमारत पुन्हा दिसली की मला पुन्हा मोह होईल, आणि पुढच्या वेळी कदाचित मी गाडीतला तो हिशेब अर्ध्यावर सोडणार नाही. म्हणून माझं नावच तिथून काढलंय. आता ते घर माझ्या कुठल्याच हिशेबात धरता येणार नाही.

ताई, आता तुम्हाला सांगते. हे पत्र वाचताना काहीही गाळायचं नाही, माझी लाज वाटण्यासारखी वाक्यं तर मुळीच नाही. फक्त खाली एक ओळ उरलीय. ती वाचली की तुम्ही पाच मिनिटं बाहेर जाऊन उभ्या राहा. तो तुमच्यासमोर रडायचा नाही.

दादा, मला न सांगता आंधळा झालास, तसा मला न सांगता कुठे जाऊ नकोस.

तुझी,
हातोडी